स्वयंवह चक्र

कोणतेही नवे वाहन बाजारात आले की त्याच्याविषयी दोन विधाने हमखास कानी येतात. ते विकणारा सांगतो की असे यंत्र याआधी कधी झालेच नव्हते. जुन्या वाङ्मयाचा अभिमानी सांगतो की हे तर आपल्या ग्रंथांत शेकडो वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. मोटारसायकलीचा इतिहास चाळला म्हणजे पहिले विधान बहुतेक वेळा टिकत नाही, असे दिसून येते. दुसऱ्या विधानाचा निकाल मात्र इतक्या सहजासहजी लागत नाही. त्यासाठी तो ग्रंथ प्रत्यक्ष उघडावा लागतो, ग्रंथकाराने काय म्हटले आहे आणि काय म्हटलेले नाही हे ताडून पाहावे लागते, आणि मग ते यंत्रशास्त्राच्या कसोटीवर घासावे लागते. या दोन्ही विधानांची परीक्षा एकदमच व्हावी असे एक उदाहरण आहे. त्याचे एक टोक जर्मनीतील म्युनिक शहरात सापडते, आणि दुसरे काशी क्षेत्री.

विजेवर चालणाऱ्या दुचाकी आज भारताच्या शहराशहरांतून धावू लागल्या आहेत. त्यांतील कित्येक गाड्यांची मोटार शोधू गेल्यास सापडत नाही. कारण ती मागच्या चाकाच्या तुंब्यातच बसविलेली असते. २०२० साली बाजारात आलेली ‘आयक्यूब’ ही टीव्हीएस कंपनीची स्कूटर याच जातीची. इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती पोचविणारी साखळी नाही, पट्टा नाही, दात्यांची पेटी नाही. चाक आपल्या पोटातच आपली शक्ती बाळगते आणि आपले आपण फिरते. पाहणाऱ्यास ही रचना अगदी आजची, विसाव्या शतकालाही न सुचलेली अशी वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे.

३१ डिसेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या ऑग्डेन बोल्टन या गृहस्थाला एका विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. तिच्या सांगाड्याच्या मधल्या त्रिकोणात विजेचा घट टांगलेला होता, आणि मोटार होती ती थेट मागच्या चाकाच्या तुंब्यात. त्या जुन्या आकृतीशेजारी आजच्या एखाद्या विजेच्या सायकलीचे चित्र ठेवले तर घडणीचे मूलतत्त्व एकच असल्याचे कोणाच्याही ध्यानात येईल. दोहोंमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. कल्पनेत मात्र फारसे अंतर नाही.

विजेऐवजी पेट्रोलवर चालणारे असेच चाक म्युनिकमध्ये तयार झाले. १९२१ ते १९२५ या काळात तेथे ‘मेगोला’ नावाची मोटारसायकल बनत होती. फ्रिट्झ कॉकरेल हा तिचा प्रमुख रचनाकार. या गाडीत पाच सिलिंडरांचे इंजिन पुढच्या चाकातच होते. आसाभोवती ताऱ्याच्या पाच टोकांप्रमाणे ते पाच सिलिंडर मांडलेले असत, आणि चाकाचा एक फेरा होईतो ते स्वतः सहा फेरे घेत. गाडीला क्लच नव्हता आणि गिअरही नव्हते. त्यामुळे रस्त्यात कोठे थांबावयाचे म्हणजे इंजिनच बंद करावे लागे, आणि पुन्हा निघावयाचे तर गाडी ढकलावी लागे किंवा ती स्टँडवर उभी करून चाक हाताने फिरवावे लागे. एवढी गैरसोय असूनही ही गाडी वेगवान होती, शर्यती जिंकीत होती, आणि तिच्या सुमारे २,००० प्रती तयार झाल्या. विक्षिप्त वाहनांच्या यादीत तिचे नाव आजही अग्रभागी असते.

परंतु मेगोलाही आद्य नव्हे. तिच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, फेलिक्स मिये या फ्रेंच यंत्रज्ञाने पाच सिलिंडरांचे फिरते इंजिन सायकलीच्या मागच्या चाकात बसवून दाखविले होते. चाकाचा स्थिर आस हाच इंजिनाचा दांडा, आणि त्याच्याभोवती सिलिंडरांसह सारे चाक गरगर फिरत असे. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस या प्रसिद्ध शर्यतीत या वाहनाची नोंद झालेली होती. सारे इंजिनच फिरवावयाचे ही कल्पना पुढे १९०९ च्या सुमारास फ्रान्समधील सेगँ बंधूंच्या ‘नोम’ इंजिनाच्या रूपाने विमानांत शिरली आणि पहिल्या महायुद्धातील अनेक विमाने तिच्यावर उडाली. चाकाला इंजिनाचा अवयव बनविण्याचा आणखी एक प्रयत्न म्युनिकमध्येच झालेला होता. १८९४ साली तेथे हिल्डेब्रांट आणि वोल्फम्युलर यांच्या कारखान्यातून निघालेली गाडी ही मोठ्या संख्येने तयार झालेली पहिली मोटारसायकल मानली जाते. तिच्या इंजिनाचे दांडे रेल्वे इंजिनाप्रमाणे सरळ मागच्या चाकाला जोडलेले होते. वेगळे जड गतिपालक चक्र नव्हतेच, मागचे चाकच ते काम करी.

म्हणजे आजच्या तुंब्यातील मोटारीच्या मागे मेगोला, मेगोलाच्या मागे बोल्टन आणि मिये, अशी ही मालिका मागे मागे जाते. मग ती थांबते कोठे? आपल्या पोटात आपली शक्ती बाळगणारे चाक ही कल्पना मनुष्याला प्रथम केव्हा सुचली? या प्रश्नाचा शोध घेणाऱ्यास काशीच्या संस्कृत पाठशाळेपाशी यावे लागते.

काशीचे आणि महाराष्ट्रीय पंडितांचे नाते फार जुने आहे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे आचार्यत्व करणारे गागाभट्ट काशीचेच, आणि त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. ज्योतिषाच्या क्षेत्रातही हीच परंपरा होती. गोदातीरीच्या गोलग्रामाहून काशीस गेलेल्या दैवज्ञ घराण्यातील नृसिंहाने १६२१ मध्ये भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीवर ‘वासनावार्तिक’ ही टीका लिहिली. विदर्भातून तेथे आलेल्या घराण्यातील मुनीश्वराने त्याच शतकात ‘मरीचि’ ही टीका रचली. महाराष्ट्रात जन्मलेल्या या ग्रंथाचे अध्ययन असे काशीच्या महाराष्ट्रीय घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले.

एकोणिसाव्या शतकात या परंपरेला बापूदेव शास्त्री लाभले. १८२१ साली जन्मलेल्या या महाराष्ट्रीय गणितज्ञाचे शिक्षण नागपुरास झाले. तेथे भोपाळ दरबारातील ब्रिटिश प्रतिनिधी लान्सलॉट विल्किन्सन याची दृष्टी त्यांच्यावर गेली आणि त्याने त्यांना पुढील अध्ययनासाठी सीहोरास नेले. १८४२ मध्ये बापूदेव काशीच्या संस्कृत पाठशाळेत गणिताचे अध्यापक झाले. १७९१ साली जोनाथन डंकन याने स्थापिलेल्या या पाठशाळेचेच पुढे १९५८ मध्ये विश्वविद्यालय झाले आणि १९७४ पासून ते संपूर्णानंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद विल्किन्सनने करून ठेवला होता. तो १८४१ मध्ये वारला. बापूदेवांनी तो अनुवाद तपासून शुद्ध केला, आणि सूर्यसिद्धान्ताच्या आपल्या अनुवादासह तो १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. संस्कृत न जाणणाऱ्या जगाला भास्कराचार्यांचे एक विलक्षण चाक पाहावयास मिळाले ते या पुस्तकातून.

सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, रचला. त्याच्या गोलाध्याय या भागात यंत्रांचे एक प्रकरण आहे. शंकू, घटी, चक्र, चाप, फलक अशी वेधाची आणि कालमापनाची साधने त्यात सांगितली आहेत. याच प्रकरणात ‘स्वयंवह’ म्हणजे आपोआप फिरणाऱ्या यंत्राचे वर्णन येते. हलक्या लाकडाचे एक चाक घ्यावे. त्याला सारख्या अंतरावर, सारख्या आकाराचे पोकळ आरे बसवावेत. सर्व आरे एकाच दिशेला थोडे वळलेले असावेत. प्रत्येक आऱ्याच्या पोकळीत अर्ध्यापर्यंत पारा भरून तोंड बंद करावे. असे चाक दोन आधारांवर आसात ठेवले की एका बाजूचा पारा तुंब्याकडे धावतो, दुसऱ्या बाजूचा धावेकडे, आणि चाक आपोआप फिरू लागते. दुसऱ्या एका प्रकारात चाकाच्या कडेला पन्हळ कोरून, ती ताडपत्र आणि मेण यांनी बंद करून, तीत पाणी आणि पारा भरावयास सांगितले आहे. तिसऱ्या प्रकारात चाकाच्या कडेला रहाटाप्रमाणे घटिका बांधलेल्या असून, अंकुशासारख्या वाकविलेल्या धातूच्या नळीने टाकीतील पाणी त्यांवर पाडावयाचे आहे. या नळीला ‘कुक्कुटनाडी’ असे नाव आहे. आजच्या भाषेत तिला सायफन म्हणतात.

ही कल्पना भास्कराचार्यांची स्वतःची नव्हे. पाऱ्याने भरलेल्या आऱ्यांचे चाक त्यांच्याआधी पाचशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात सांगितले होते. त्याच्याही आधी, ४९९ च्या आर्यभटीयात, लाकडाचा हलका आणि वाटोळा गोल पारा, तेल व पाणी यांच्या साहाय्याने कालाबरोबर फिरता ठेवावा, असा उल्लेख आहे. आठव्या शतकातील लल्लाने असेच यंत्र वर्णिले. सूर्यसिद्धान्तात तर स्वयंवहाची युक्ती गुप्त राखावी, उघड सांगितल्यास ती सर्वांच्या हाती जाईल, असा इशाराही दिलेला आढळतो. या साऱ्यांचा हेतू वाहन बनविण्याचा नव्हता. आकाशाची प्रतिकृती असलेला गोल आकाशाबरोबरच एका दिवसात एक फेरा पुरा करील, अशी योजना त्यांना हवी होती.

या चाकाने पुढे देशाटन केले असावे असे मानण्यास आधार आहे. पाऱ्याच्या अशाच चाकांची वर्णने मध्ययुगीन अरबी लेखनात येतात. सुमारे १२३० च्या फ्रान्समध्ये विलार द ओनकूर नावाच्या कारागिराची चित्रवही तयार झाली. तीत कडेला विषम संख्येने हातोडे लोंबकळत ठेवलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाची आकृती असून, तेच काम पाऱ्यानेही साधेल असे त्याने लिहून ठेवले आहे. तंत्रविद्येचा अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट याने १९६२ च्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, अखंड गतीची ही कल्पना भारतातून अरबांकडे आणि तेथून युरोपात गेली. पारा आणि चाक या दोहोंची जोडी तिन्ही ठिकाणी सापडते, हे या मताचे बळ होय.

मग स्वयंवह चक्र खरोखर फिरते काय? फिरत नाही; आणि न फिरण्याचे कारण समजण्यासारखे आहे. चाकाच्या उतरत्या बाजूचा पारा धावेकडे गेल्यामुळे त्याचा जोर अधिक पडतो, हे दिसावयास खरे आहे. परंतु चढत्या बाजूचा पारा आसाजवळ असला तरी त्या बाजूला कोणत्याही क्षणी पारा अधिक साठलेला असतो. एकीकडे लांबी अधिक, तर दुसरीकडे वजन अधिक. या दोहोंची फिटंफाट होते, सगळ्या पाऱ्याचा गुरुत्वमध्य आसाच्या बरोबर खाली येतो, आणि चाक दोनचार हेलकावे घेऊन स्तब्ध होते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, एका फेऱ्यात पाऱ्याचा प्रत्येक थेंब पुन्हा मूळच्या जागी येतो. उतरताना त्याने जेवढी शक्ती दिली तेवढीच तो चढताना परत मागतो, आणि आसातील घर्षण आपला कर वेगळा वसूल करते. अशा यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासावयाचे नाहीत, असा ठराव पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्येच केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित केला, तेव्हा या प्रश्नाचा कायमचा निकाल लागला.

येथे भास्कराचार्यांच्या मोठेपणाची साक्ष देणारी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. स्वयंवहाचे प्रकार सांगून झाल्यावर ते स्पष्ट म्हणतात की, असे यंत्र कुहकविद्येने, म्हणजे हातचलाखीच्या विद्येने, अनेक प्रकारे सिद्ध होते. गोलशास्त्राशी त्याचा संबंध आहे म्हणून नव्हे, तर पूर्वाचार्यांनी सांगितले आहे एवढ्याचसाठी ते येथे सांगितले. सर्व यंत्रांत बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र, असेही त्यांनी याच प्रकरणात म्हटले आहे. ग्रंथकाराला वर्णनाचा मोह आहे, युक्तीचे कौतुक आहे, पण वाचकाला भुलविण्याची इच्छा नाही. १८६१ च्या अनुवादातही हा कबुलीजबाब जसाच्या तसा उतरला आहे. तो गाळून केवळ चाकाचे वर्णन पुढे केले असते तर प्राचीन भारताचा जयजयकार करणे सोपे गेले असते. विल्किन्सन आणि बापूदेव यांनी तसे केले नाही.

याच प्रकरणातील आणखी एक शब्द मोटारसायकलीच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. लल्लादिकांचे स्वयंवह भास्कराचार्यांना ‘ग्राम्य’ वाटते. कारण ते ‘सापेक्ष’ आहे, दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे. भांड्यातून गळणाऱ्या पाण्याबरोबर खाली जाणारे वजन त्याला ओढते, आणि भांडे रिकामे झाले की ते पुन्हा भरावे लागते. बाहेरून काही न घेता फिरणारे चाक हेच त्या काळी चतुराईचे शिखर मानले जाई. आजच्या यांत्रिकाचा न्याय याच्या नेमका उलट आहे. जे सापेक्ष तेच खरे इंजिन. पडणारे पाणी, जळणारे पेट्रोल, घटातून वाहणारी वीज, यांपैकी काहीतरी बाहेरून पुरविल्याशिवाय चाक फिरत नाही. मियेच्या चाकात आणि भास्कराचार्यांच्या चाकात बाह्य साम्य मोठे चमत्कारिक आहे. दोन्हींत आसाभोवती ताऱ्यासारख्या पोकळ नळ्या आहेत, दोन्हींत त्या नळ्यांतील प्रवाही द्रव्याने चाकाला ढकलावयाचे आहे. पण एकात कोंडलेला पारा तोच तो फेरा मारतो, आणि दुसऱ्यात प्रत्येक वेळी नवे इंधन येऊन जळते व धूर होऊन बाहेर पडते. लल्लाच्या ‘ग्राम्य’ यंत्राचे नाते इंजिनाशी अधिक जवळचे आहे. चतुर पाऱ्याच्या चाकाचे नव्हे.

म्हणून ‘पूर्वोदाहरण’ हा शब्द वापरताना त्याचे तीन अर्थ निरनिराळे ठेवले पाहिजेत. पहिला अर्थ कल्पनेच्या साम्याचा. स्वयंवह चक्र या अर्थाने मेगोलाचे पूर्वोदाहरण आहे. परंतु मियेने किंवा कॉकरेलने सिद्धान्तशिरोमणी वाचला होता, असे त्यावरून निष्पन्न होत नाही. दुसरा अर्थ प्रत्यक्ष घडलेल्या, पण विसरल्या गेलेल्या वस्तूचा. बोल्टनचे पेटंट आजच्या तुंब्यातील मोटारीचे पूर्वोदाहरण ठरते ते या अर्थाने. तिसरा अर्थ सरळ वंशपरंपरेचा, म्हणजे एकाचे पाहून दुसऱ्याने बनविल्याचा. हे तीन अर्थ एकमेकांत मिसळले की इतिहासाची पुराणे होऊ लागतात.

मोटारसायकलीच्या इतिहासात या तिन्ही प्रकारांची उदाहरणे विपुल आहेत. पुढच्या चाकाला धक्के सोसणारा, एका नळीत दुसरी नळी सरकणारा चिमटा आज बहुतेक गाड्यांना असतो. तेलाने धक्का जिरविणारा असा चिमटा १९३५ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने प्रचारात आणला. पण एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा आल्फ्रेड स्कॉट या इंग्रज यंत्रज्ञाने १९०८ च्या सुमारासच आपल्या गाड्यांना लावला होता. मागच्या चाकासाठी एकच धक्काशोषक बसविण्याची रचना १९७० च्या दशकात यामाहा कंपनीने लोकप्रिय केली. तिच्याशी जवळचे नाते सांगणारी त्रिकोणी रचना फिलिप व्हिन्सेंटने १९२८ सालीच वापरली होती. चिमटा टाकून देऊन चाकाच्या तुंब्यातूनच गाडी वळविण्याची युक्ती १९९० मध्ये इटलीच्या बिमोटा कंपनीने ‘टेसी’ या गाडीत आणली, तेव्हा ती अपूर्व म्हणून गाजली. तशीच युक्ती अमेरिकेतील कार्ल नेराकर याच्या ‘नेराकार’ नावाच्या गाडीत १९२१ पासून चालू होती. सांगाड्यातून फिरणाऱ्या दांड्याने मागच्या चाकाला गती देण्याचा प्रकारही बेल्जियमच्या एफ्एन् कंपनीने १९०५ साली आपल्या चार सिलिंडरांच्या गाडीत रूढ केला होता.

सरळ वंशपरंपरेचे उदाहरण महाराष्ट्राच्या अगदी परिचयाचे आहे. १९४६ साली इटलीत व्हेस्पा स्कूटर जन्मास आली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा मुळात विमानांचा यंत्रज्ञ. विमानाचे चाक एकाच बाजूने धरलेले असते, हे पाहण्याची त्याच्या डोळ्यांना सवय होती. म्हणून त्याने स्कूटरचे पुढचे चाकही एकाच बाजूच्या दांड्यावर बसविले. त्यामुळे पंक्चर झालेले चाक मोटारीच्या चाकासारखे चटकन काढता येऊ लागले. १९६० च्या दशकात ही स्कूटर इटालियन परवान्याने बजाज कंपनीच्या आकुर्डीच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि १९७२ मध्ये आलेल्या ‘चेतक’ने ती घडण घराघरांत पोचविली. पुण्यातील रस्त्यांवर धावलेल्या लाखो चाकांत विमानाच्या चाकाचा वारसा होता. आणि तो कोणाकडून कोणाकडे कसा आला, याचा दाखला देता येतो.

कल्पना जर इतक्या लवकर सुचतात, तर त्या फळास येण्यास इतका वेळ का लागतो? बोल्टनच्या चाकाचे उदाहरण याचे उत्तर देते. त्याच्याजवळ होता तो शिशाचा जड विद्युत्घट. हलका आणि पुन्हा पुन्हा भरता येणारा लिथियमचा घट बाजारात आला तो १९९१ मध्ये. लहान आकारात मोठी ओढ देणारे निओडिमियमचे चुंबक १९८० च्या दशकातले. मोटारीला क्षणाक्षणाला हवी तेवढीच वीज मोजून देणारी इलेक्ट्रॉनिक साधने त्याहूनही अलीकडे स्वस्त झाली. या तीन गोष्टी जमेपर्यंत बोल्टनचे पेटंट कागदावर पडून राहिले. त्यातही चाकात मोटार बसविण्याचा मूळचा दोष सर्वस्वी गेलेला नाही. चाकाचे वजन वाढले की खड्ड्यांतून जाताना ते वजन स्प्रिंगांच्या खाली राहते, आणि धक्का अधिक बसतो. मेगोलाला हीच अडचण होती, आणि आजच्या रचनाकारांपैकी कित्येक जण याच कारणास्तव मोटार चाकाबाहेर ठेवणे पसंत करतात. जुनी कल्पना परत येते तेव्हा तिचे जुने दुखणेही पुष्कळदा तिच्याबरोबर येते. ते ओळखण्यासाठी पूर्वोदाहरणांचा अभ्यास उपयोगी पडतो.

या अभ्यासाला एक विकृत रूपही येऊ शकते. ‘वैमानिकशास्त्र’ नावाचा एक संस्कृत ग्रंथ भरद्वाज ऋषींच्या नावावर प्रसिद्ध आहे. पाऱ्याच्या शक्तीने उडणाऱ्या प्राचीन विमानांचा पुरावा म्हणून त्याचा वारंवार उल्लेख होतो. १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी त्याची परीक्षा केली. भाषा आणि इतिहास पाहता तो ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही, आणि त्यातील विमाने उडण्यास सर्वथा असमर्थ आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पारा दोन्हीकडे आहे; पण एका ठिकाणी आठशे वर्षांची अस्सल परंपरा आहे, आणि ग्रंथकाराने स्वतःच घातलेली मर्यादा आहे. दुसऱ्या ठिकाणी ना परंपरा, ना मर्यादा. अस्सल ग्रंथ आणि बनावट ग्रंथ यांना एकाच पंक्तीला बसविले की नुकसान होते ते अस्सल ग्रंथाचे. कारण बनावटीचा बोभाटा झाला म्हणजे त्याच्या जोडीला बसलेल्या भास्कराचार्यांकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

स्वयंवह चक्राचे खरे श्रेय त्यामुळे नेमके सांगितले पाहिजे. बाहेरच्या ओढीशिवाय, आपल्या अंगच्या शक्तीने फिरणारे चाक असावे, हा ध्यास भारतीय गणितज्ञांनी सातव्या शतकात शब्दांत बांधला आणि बाराव्या शतकापर्यंत जपला. तो बहुधा येथूनच युरोपात गेला, आणि तेथील कारागिरांनी त्याच्या पाठीमागे कित्येक शतके धाव घेतली. चाक फिरले नाही. परंतु ते का फिरत नाही, या प्रश्नाने ऊर्जेचा विचार करणाऱ्यांना अशक्य आणि शक्य यांतील सीमा आखण्यास मदत केली. ती सीमा कळल्यावर मिये आणि बोल्टन यांनी चाकाच्या पोटात शक्ती ठेवली, ती बाहेरून आणून ठेवली. मोटारसायकलीचा शोध भारतात लागला असे यावरून म्हणता येत नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही.

आज काशीच्या रस्त्यांवर विजेच्या रिक्षांची आणि दुचाकींची वर्दळ आहे. ज्या पाठशाळेत बापूदेवांनी गोलाध्यायाची पाने तपासली, ती आज विश्वविद्यालय म्हणून त्याच नगरात उभी आहे. या दोहोंना जोडणारा कारखाना कधी नव्हता, पेटंट नव्हते, गुरुशिष्यपरंपराही नव्हती. त्यांना जोडते ते एक जुने कुतूहल, आणि ते कुतूहल तपासून पाहण्याची शिस्त. भास्कराचार्यांनी आठशे वर्षांपूर्वी स्वयंवहाचे वर्णन केले आणि त्याच ठिकाणी त्याला कुहकविद्या म्हटले. जुन्या ग्रंथात नव्या यंत्राचा दाखला शोधणाऱ्याने ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत.